लाँच बंद आहे

तर झालं असं. चैत्रातला रविवार, सकाळचे पावणेसात. आदल्या रात्री ऑफिसमधल्या मित्राच्या बहिणीची हळद होती उरणला. (आगरी-कोळ्यांची हळद ज्यांनी अनुभवली नाही त्यांना एवढंच सांगतो, एक वेळ लग्न चुकलं तरी चालेल.) डीजे कानात अजून वाजत होता, झोप जेमतेम दोन तास झालेली. ट्रेनने परत जाता आलं असतं, २०२४ च्या जानेवारीपासून उरणला लोकल येते. पण मित्र म्हणाला, "मोऱ्याहून लाँचने जा की, तासाभरात भाऊचा धक्का." म्हटलं चला, बऱ्याच दिवसांत समुद्र बघितला नाही.

मोरा बंदरावर पोचलो तर खिडकी बंद. बाकड्यावरच्या एका काकांनी मान वर न करता सांगितलं, "पानी नाय. साडेआठनंतर बघा."

पाणी खरंच नव्हतं. जेट्टीच्या पुढे लांबवर नुसता चकचकीत काळा चिखल, त्यात कलंडलेल्या दोन होड्या आणि पलीकडे घारापुरी. मोऱ्याच्या चॅनेलमध्ये गाळ इतका साचलाय की उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी लागली की लाँचला तळ लागतो आणि सेवा काही तास बंद. पेपरात ही बातमी इतक्या वेळा येते की आता ती कोणी वाचतही नसेल. मीही ती 'प्रवाशांचे हाल' या सदरातच वाचत आलो होतो. त्या दिवशी पावणेदोन तास जेट्टीवर बसलो, तेव्हा कळलं की ज्या वेळी लाँच बंद असते त्याच वेळी दुसरं काहीतरी चालू असतं.

त्याआधी एक छोटं विषयांतर, कारण ते मला फार आवडलंय. काकांना विचारलं, "भरती कधी?" ते म्हणाले, "आज पाडवा ना, पाऊण वाजता." पाडवा म्हणजे वद्य प्रतिपदा, पौर्णिमेच्या दुसरा दिवस. हिशोब असा: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यातून सव्वासहा तास वजा केले की ओहोटी, म्हणजे आजची साडेसहाच्या आसपास. ना अ‍ॅप, ना टेबल. आता आमची खोड. मी बसल्या बसल्या ताळा केला. तीस तिथींत चंद्राच्या मानाने भरती चोवीस तास मागे सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला ३ मिनिटं कमी, पंधरा तिथींत पाऊण तासाची चूक साचते आणि नव्या पंधरवड्याला काउंटर परत शून्यावर! ज्याने कोणी हे बसवलं त्याने तोंडी गणित सोपं राहावं म्हणून थोडी अचूकता सोडली आणि चूक वाढत जाणार नाही याची सोयही करून ठेवली. आमच्या टीममध्ये असा माणूस मिळाला तर मी त्याला कॉफी पाजेन.

असो. तर साडेसहाची ओहोटी. मी पोचलो तेव्हा तो चिखल माणसांनी भरलेला होता. भरलेला म्हणजे गर्दी नव्हे, नजर सरावली की एकेक दिसायला लागत. गुडघ्यापर्यंत रुतलेल्या चार-पाच बायका, कमरेला टोपली बांधलेल्या. दोघीजणी दगडांवरची कालवं लोखंडी टोच्याने फोडत होत्या. एक म्हातारी नुसत्या हाताने गाळ चाळून खुबे काढत होती. पाण्याच्या उरलेल्या धारेशी एक पोरगा पाग टाकत होता, जाळं हवेत गोल उघडायचं आणि बोयटं घेऊन वर यायचं. आणि चिखलावर उड्या मारणारे निवट्या. हा मासा पाण्याबाहेर बराच वेळ राहू शकतो आणि तो हाताने धरणं हे खरं कौशल्य आहे, मला विचाराल तर कुठल्याही सर्टिफिकेशनपेक्षा मोठं.

या सगळ्या मासेमारीला भांडवल किती लागतं? टोपली, टोच्या, फार तर एक पाग. डिझेल शून्य, बर्फ शून्य, कर्ज शून्य. बाजारही तिथेच, कारण लाँचची वाट बघणारे आमच्यासारखे रिकामटेकडे बसलेलेच असतात.

फाल्गुन-चैत्र हे या किनाऱ्याचे कामाचे महिने. शिमगा झाला की पुढे अडीच-तीन महिने, मग पाऊस. या काळात एकीकडे ताजी मासळी आणि दुसरीकडे आगोटीची तयारी. बोंबील बांबूंवर टांगलेले, जवळा अंगणात पसरलेला. घराघरांतून पावसाळ्याची बेगमी होत असते.

बोंबील आणि जवळा येतात ते चिखलाच्या एक पायरी पुढून. डोल नावाचं जाळं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एक लांबलचक पिशवी, तोंड रुंद, शेपूट निमुळतं. समुद्रात खुंट रोवायचे, त्यांना तोंड बांधायचं आणि थांबायचं. मासळी आणण्याचं काम प्रवाह करतो. म्हणून उधाणाला डोल भरते आणि अष्टमी-नवमीच्या भांगाला पाण्याला ओढच नसते, तेव्हा जाळी दुरुस्त करायची. म्हणजे ज्या उधाणामुळे माझी लाँच अडकली होती त्यावरच पलीकडच्या माणसाचा पंधरवडा चालतो.

डोलीचं कौतुक करताना एक खरं सांगायला हवं. तिच्या शेपटाकडचे आस इतके बारीक की मोठ्या माशांची पिल्लंही त्यात येतात. २०२३ साली राज्य सरकारने पापलेट हा राज्यमासा जाहीर केला आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. हे चांगलंच झालं. उथळ पाण्यातला मच्छीमार म्हणजे निसर्गाचा पुजारी वगैरे मला म्हणायचं नाही. बाजारात बोटभर पापलेट विकत घेणारे आपणच.

आता खोल पाणी. मोऱ्यापासून थोड्याच अंतरावर करंजा, तिथल्या मोठ्या बोटी. तांडेल, खलाशी, बर्फाचे ढीग, डिझेलची पिंपं, आठ-दहा दिवसांची फेरी. खोली वावांत मोजतात, एक वाव म्हणजे सहा फूट. तिकडे सुरमई, घोळ, माकूल. हे जग मला थोडं ओळखीचं वाटलं: मोठी गुंतवणूक, मोठी जोखीम, रात्रपाळी.

आणि आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

किनाऱ्यालगत मासळी कमी झाली अशी तक्रार केली की गेली काही वर्षं उत्तर एकच मिळतं: खोल समुद्रात जा. त्यासाठी योजनाही आहे. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना खोल समुद्रातली बोट घेण्यासाठी अनुदान ठेवलं. बोटीची किंमत धरलीय १ कोटी २० लाख. सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. कागदावर उत्तम. मी फोनवर एक्सेल उघडलं. ४० टक्के म्हणजे ४८ लाख, उरले ७२ लाख. समजा ते सगळे सात वर्षांसाठी १० टक्क्यांनी कर्जाने काढले, तर महिन्याचा हप्ता १ लाख २० हजारांच्या जवळ. त्यात पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. म्हणजे कमाई दहा महिने, हप्ते बारा. घराच्या हप्त्याचा मेसेज आला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि मला तर पगार वादळात बुडण्याची भीती नाही.

ज्याच्याकडे आधीच बोट आहे, ज्याची सोसायटी भक्कम आहे, त्याला हे जमेल, जमलंही पाहिजे. पण चिखलातल्या त्या बायकांना 'खोल समुद्रात जा' म्हणणं म्हणजे काय? रिक्षावाल्याला विमान घ्यायला सांगण्यासारखं आहे. आणि पावसाळ्यात मोठ्या बोटी किनाऱ्याला लागतात तेव्हा खलाशाच्या घरीसुद्धा ताजं कालवण खाडीतूनच येतं.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उथळ पाणी आणि खोल पाणी ही आपण समजतो तशी दोन खाती नाहीत. कोलंबी अंडी घालते समुद्रात, तिची पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. जिताडा याच्या उलट, राहतो खाडीत आणि अंडी घालायला मुखाकडे खाऱ्या पाण्यात उतरतो. (हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. रायगडकरांना जिताड्याचा एवढा अभिमान का, हे मला अजून त्याच्या चवीवरूनच कळतं.) खाडी बुजवली तर नुकसान फक्त टोपलीवालीचं होत नाही. चाळीस वावांवर ट्रॉल ओढणाऱ्याच्या जाळ्यातली कोलंबीही तिथेच कमी होते, फक्त त्याला ते उशिरा कळतं.

आणि खाडी बुजत आली आहेच. १९८९ साली न्हावा-शेव्याला बंदर सुरू झालं. देशाला बंदर हवंच होतं, माझा लॅपटॉपही बहुधा तिथूनच आला असेल, तेव्हा उगाच तावातावाने बोलायला नको. पण त्यासाठी शेव्याचा अख्खा कोळीवाडा उठला आणि तिथली माणसं उरणच्या हनुमान कोळीवाड्यात आली. पुढे बंदराच्या वाढीव भरावामुळे कांदळवन गेलं, भरती-ओहोटीच्या वाटा अडल्या, म्हणून इथले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ ला लवादाच्या पुणे खंडपीठाने निकाल दिला: उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांतल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई. कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार.

हा निकाल मोठाच होता, कारण त्यात पहिल्यांदा चिखलाला किंमत लागली. तरी तो आकडा मला राहून राहून खुपतो. मी मित्राच्या आजीला (ती हयातभर खाडीत गेलेली) आदल्या रात्री सहज विचारलं होतं, दिवसाला किती मिळायचं? ती हसली. "त्याचा कुटं हिशोब ठेवलाय!" थोडं विकायचं, थोडं शेजारी द्यायचं, उरलेलं रात्रीच्या कालवणात. पावती नाही, परवाना नाही, बोट नाही म्हणून बोटींच्या नोंदवहीत नाव नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये रो-च नाही. आणि जिथे रो नाही तिथे क्वेरी मारली की उत्तर येतं शून्य. मग नकाशावर तो भाग 'रिकामा' दिसतो आणि रिकामी जागा भरायला कोणाचीच हरकत नसते.

माझं म्हणणं एवढंच. पुढचा भराव टाकण्याआधी, नवा धक्का किंवा गोदाम आखण्याआधी, कोणीतरी वही घेऊन एक पूर्ण पंधरवडा ओहोटीच्या वेळी तिथे उभं राहावं. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत. कोण उतरतं, काय घेऊन वर येतं, किती घरात शिजतं, किती विकलं जातं. सर्वेक्षणाचे अधिकारी अकरा वाजता आले तर उधाणाच्या दिवसांत त्यांना भरतीचं पाणीच दिसणार, माणूस दिसणार नाही. तिथीची पाऊणपट त्यांना कोणीतरी शिकवायला हवी. गाळ काढायचा तर जरूर काढा, लाँच बारा महिने चालली तर मलाही आवडेल. पण तो काढलेला गाळ नेऊन टाकायचा कुठे, तर शेजारच्या खाजणात, असं व्हायला नको.

तुम्ही म्हणाल, दोन तास जेट्टीवर बसून या साहेबांना साक्षात्कार झाला. मान्य. मी दादरचा, मासे ताटात आल्यावरच ओळखणारा. कोळीवाड्यातला कोणी हे वाचत असेल तर चुका जरूर सांगाव्यात, मित्राने दोन आधीच काढल्यात.

आठच्या सुमाराला पाणी वळलं. आवाज न करता, चिखलातल्या बारीक चिरांतून आधी. बायका एकेक करून वर आल्या, जेट्टीच्या नळावर पाय धुतले, टोपल्या मांडून बसल्या. अर्ध्या तासात जिथे म्हातारी बसली होती तिथे कमरेएवढं पाणी झालं होतं. सहा चिंबोऱ्या घेतल्या, घासाघीस न करता, कारण मला भावच माहीत नव्हता. तिने सुतळीने नांग्या बांधून दिल्या. खिडकी उघडली, लाँच लागली. घारापुरी मागे पडेपर्यंत पिशवीतून खुडखुड चालली होती, आणि समोरचे गृहस्थ भाऊच्या धक्क्यापर्यंत पाय बाकावर घेऊन बसले होते.