कोंबडीच्या विषाणूतील प्रथिन आणि कर्करोगाची पेशी

केमोथेरपी सुरू झाली की रुग्णाचे केस गळतात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. झपाट्याने विभागणाऱ्या सर्वच पेशींवर ही औषधे घाव घालतात. समोरची पेशी गाठीतली की केसाच्या मुळातली, हा भेद त्यांना नीट करता येत नाही. असा भेद करणारे एक प्रथिन मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडले.

कोंबडीच्या पिलांना रक्तक्षय करणारा एक विषाणू 1979 मध्ये जपानमध्ये आढळला. तो पिलांच्या अस्थिमज्जेतील पेशी मारतो. 1990 च्या दशकात नेदरलँड्समधील मॅथ्यू नोटबोर्न व सहकाऱ्यांनी दाखवले की, पेशी मारण्यास या विषाणूचे एकच प्रथिन पुरते. अवघ्या 121 अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे नाव ॲपॉप्टिन.

बिघडलेल्या पेशीने स्वतःचा अंत करावा, अशी व्यवस्था आपल्या शरीरात असते. कर्करोगाची पेशी ती आज्ञा मोडते. सुमारे निम्म्या कर्करोगांत ही आज्ञा देणारे ‘पी-53’ नावाचे प्रथिनच निकामी झालेले असते. ॲपॉप्टिनला त्याची गरज भासत नाही. निरोगी पेशीत ते केंद्रकाबाहेर पडून राहते. कर्करोगाच्या पेशीत मात्र त्यात रासायनिक बदल होतो, ते केंद्रकात शिरते आणि पेशीचा अंत घडवते. माणसाच्या कर्करोगाशी काही देणेघेणे नसलेल्या विषाणूपाशी ही पारख असावी, याचे मला अजूनही नवल वाटते. अर्थात, पुढील काही प्रयोगांत हा भेद तितका काटेकोर आढळला नाही.

मग हे औषध अद्याप का नाही, असे आपण विचाराल. अडचण पोहोचवण्याची आहे. गोळी करून दिले, तर वरणातील प्रथिनासारखेच ते पोटात पचून जाईल. कोंबडी खाऊनही म्हणूनच काही साधणार नाही. ते गाठीतील पेशीपेशीच्या आत शिरायला हवे. उंदरांच्या गाठींत दुसऱ्या विषाणूवाटे त्याचे जनुक पोहोचवून गाठी आटवता आल्या. माणसांसाठी मात्र ॲपॉप्टिनचे मान्यताप्राप्त औषध आज नाही. अमेरिकेत 2015 मध्ये मंजुरी मिळालेला, त्वचेच्या मेलानोमावरील बदललेला नागीणवर्गीय विषाणू हा निराळा उपचार. तो थेट गाठीत टोचतात.

‘विषाणूने कर्करोग बरा’ असा संदेश भ्रमणध्वनीवर आला, तर प्रयोग काचेच्या बशीतील पेशींवर झाला, उंदरावर की माणसावर, हे आधी पाहावे. त्या भरवशावर चालू केमोथेरपीची एकही फेरी चुकवू नये. कोणी ‘चाचणीत सहभागी करून घेतो’ म्हणाले, तर भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतील, म्हणजे सीटीआरआयमधील, क्रमांक मागावा, तो संकेतस्थळावर पडताळावा आणि संमतिपत्र घरी आणून आपल्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवावे. क्रमांक न देता आगाऊ पैसे मागणाऱ्याला तिथेच नकार द्यावा.