सबसिडी कोणी कोणाला दिली?

'शेतकऱ्याला एवढी सबसिडी मिळते, तरी त्याचे रडगाणे संपत नाही.' शहरातले हे वाक्य आता गावच्या पारावरही ऐकू येते आणि ऐकणारा कास्तकार उगीचच ओशाळतो. आमचे म्हणणे, ओशाळण्याआधी या शब्दाची कुळकथा ऐका.

मूळ शब्द लॅटिन, 'सब्सिडियम'. रोमन फौजेत पुढची फळी लढत असताना मागे बसवून ठेवलेली राखीव तुकडी म्हणजे सब्सिडियम. त्यावरून अर्थ झाला कुमक, मदत.

इंग्लंडात मात्र पार्लमेंटने राजाला मंजूर केलेल्या कराला 'सबसिडी' म्हणू लागले. मदत खरीच, पण प्रजेने राजाला केलेली! चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्डला फ्रान्सशी लढायला पैसा हवा होता. परदेशी जाणाऱ्या लोकरीवर पोत्यामागे ४० शिलिंगांपर्यंत पट्टी बसली. भरली व्यापाऱ्यांनी, पण बराचसा बोजा त्यांनी लोकरीचा भाव पाडून मेंढ्या पाळणाऱ्यांवर ढकलला. सरकार पुढे शब्दाचा अर्थ पुन्हा फिरला आणि सरकार देते ती सबसिडी असे झाले.

अर्थ फिरला, व्यवहार फिरला का? लोकरीच्या जागी आपला कापूस ठेवून पाहा. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. पुढे कित्येक वर्षे शेजारच्या राज्यात चढा भाव असला तरी आपली गाडी सीमेवर अडवली जाई. २०१० आणि २०१२ साली कापसाची निर्यात रोखली गेली, ती गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी म्हणून. भावातली ही तूट कोणी भरली? कापूस पिकवणाऱ्याने. शेतकरी चळवळीने हिलाच 'उणे सबसिडी' म्हटले.

हे केवळ आमचेच म्हणणे नाही. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०१८ साली हिशेब मांडला. खते, वीज, पाणी यांवरची सगळी सूट जमेस धरूनही २०१४ ते २०१६ या काळात सरकारी धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्यांचे ढोबळ उत्पन्न वर्षाला सुमारे ६ टक्क्यांनी घटले. त्यातही कालव्याचे पाणी ज्याच्या बांधाला कधी लागलेच नाही, त्या कपाशी-ज्वारीवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला सूट किती आली असेल?

तेव्हा यापुढे कोणी सबसिडीचा टोमणा मारला तर भांडू नका. एवढेच विचारा: कोणत्या सालचा हिशेब, आणि कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात? जिल्हा बैठकीला येताना आपल्या विक्रीच्या पट्ट्या सोबत आणा. उत्तर त्यांतच लिहिलेले आहे.