स्वतःशीच शर्यत

बटरफ्लाय हा पोहण्यातला सर्वांत देखणा आणि सर्वांत निर्दयी प्रकार. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे फेकायचे, पाय जोडीनं मारायचे, भिंतीलाही दोन्ही हात एकाच वेळी टेकवायचे. पहिले शंभर मीटर बहुतेकांचे छान जातात. दोनशेच्या शर्यतीत शेवटच्या पन्नास मीटरला मात्र कंबर बसते, हात पाण्याबाहेर निघेनासे होतात आणि कोण किती पाण्यात आहे ते कळतं.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली मेरी टी. माहर तिथंच खुलायची. अकरा भावंडांत ही दहावी. मोठ्या एका बहिणीचं नावही मेरीच, म्हणून हिच्या नावाला ‘टी’ चिकटला तो कायमचा. १९७९ साली चौदाव्या वर्षी तिनं दोनशे मीटरचा विश्वविक्रम केला. पुढच्या वर्षी शंभरचाही तिच्या नावावर आला. सुवर्णपदकं जवळपास ठरलेली होती. पण अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिकेनं मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला आणि पोरीचा घास हिरावला गेला.

ऑगस्ट १९८१. मिलवॉकीजवळचं ब्राउन डिअर, राष्ट्रीय स्पर्धा. सोळा वर्षांची मेरी दोनशे मीटर २ मिनिटं ५.९६ सेकंदांत पोहली आणि त्याच स्पर्धेत शंभर मीटर ५७.९३ सेकंदांत. शंभरचा आधीचा विक्रम तिचाच, ५९.२६. जिथं विक्रम शतांश सेकंदांनी मोडतात, तिथं हिनं सव्वा सेकंदाहून जास्त वेळ खाली आणला. शंभरचा आकडा मोडायला जलतरणपटू जेनी थॉम्पसनला १९९९ आणि दोनशेचा मोडायला सूझी ओनीलला २००० साल उजाडावं लागलं.

मेरीला स्वतःलाही ते पुन्हा गाठता आले नाहीत. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत दोनशे मीटरला पूर्व जर्मनीच्या इनेस गाइसलरनं तिला मागं टाकलं. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तिनं तीन सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा बहिष्काराची पाळी पूर्व जर्मनीची होती. शंभरच्या अंतिम फेरीत तिची वेळ होती ५९.२६, म्हणजे शतांशापर्यंत पंधराव्या वर्षी होती तीच!

‘लवकर बहरली, लवकर संपली’ असं अशा खेळाडूंबद्दल सर्रास बोललं जातं. तलावाच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन बसणारे आपल्याकडचे पालकही बारा वर्षांच्या मुलाची वेळ दोन महिने सुधारली नाही की कोच बदलतात. मेरीची वेळ तर सोळाव्या वर्षानंतर कधीच सुधारली नाही. तरी १९८६ मध्ये ती दोनशे मीटरची जगज्जेती झाली आणि १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये त्याच शर्यतीत दोन पूर्व जर्मन मुलींच्या मागं कांस्यपदकाची मानकरी.

विक्रम करायला प्रतिभा लागते. पण आपली सर्वोत्तम वेळ मागं पडली हे दिसत असताना पुन्हा ठोकळ्यावर चढायला जे लागतं, ते कुठल्याच घड्याळात मोजता येत नाही. मला विचाराल तर मेरीच्या कारकिर्दीतलं सर्वांत कमावलेलं पदक सोलचं कांस्यच.