पंचांगातील हेमंत आणि पुण्यातील हेमंत

मार्गशीर्ष लागला की चिकित्सालयाच्या भिंतीवर हेमंत ऋतुचर्येचा तक्ता झळकतो आणि औषधी दुकानाच्या दर्शनी फळीवर च्यवनप्राशाच्या बरण्या मांडल्या जातात. पुण्यात गेली वीस वर्षे मीही हेच करीत आलो. परंतु शहराचा हिवाळा पंचांगाच्या पावलांनी चालतोच असे नाही.

उत्तरेकडील कोरडे वारे वाहू लागले की शिवाजीनगर, पाषाण परिसरात पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो; दुपारी तोच तिशीच्या आसपास असतो. १९३५ च्या जानेवारीत याच शहरात १.७ अंश तापमानाची नोंद झाली, तर २०२१ च्या डिसेंबरचा पहिलाच दिवस पावसात गेला. एरवीही समुद्रावरून बाष्प आले, आकाश भरले, की थंडी एका रात्रीत नाहीशी होते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. मेघ, वारा व पाऊस यांमुळे शिशिरात शीत वाढते, असे चरकसंहिता सांगते. पुण्यात मात्र रात्री ढग आले की जमिनीची उष्णता अडून राहते आणि किमान तापमान चढते. लक्षण तेच, देशपरत्वे परिणाम निराळा.

हेमंतात गुरु, स्निग्ध आहार सांगितला तो सकारण. बाह्य शीताने अवरुद्ध झालेला अग्नी बलवान होतो, म्हणून. शीतच नसेल, तर त्या आहाराचा आधार कोणता?

काही वर्षांपूर्वी अशाच एका ढगाळ आठवड्यात, केवळ मार्गशीर्ष आहे म्हणून, एका वृद्ध रुग्णेस भूक न विचारताच मी च्यवनप्राश व डिंकाचे लाडू सुचविले. आठ दिवसांनी त्या अरुची, पोटात जडपणा आणि छातीत कफ घेऊन परतल्या. दोष कल्पाचा नव्हता, माझा होता. लघु आहार व सुंठीच्या पाण्याने भूक पूर्ववत झाली. पुढे आकाश निवळून थंडी पडल्यावर तोच च्यवनप्राश अल्प मात्रेत त्यांना उत्तम मानवला.

संहितांना हे अपरिचित नाही. कालाचे हीनयोग, अतियोग व मिथ्यायोग त्यांनीच सांगितले. मागील ऋतूचे अखेरचे सात व पुढील ऋतूचे आरंभीचे सात दिवस चर्या क्रमाने बदलावी, हा ऋतुसंधीचा दंडकही त्यांचाच. आपल्या शहरी हिवाळ्यात असे संधी अनेकदा येतात. तेथेही तोच क्रम राखावा, असे माझे मत आहे.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती की, रुग्णपत्रावर तिथीबरोबर त्या दिवसाचे किमान-कमाल तापमान, आकाशाची स्थिती आणि रुग्णाची भूक नोंदवावी. औषधी विक्रेत्यांनी बरणी हाती देण्यापूर्वी ‘भूक कशी आहे?’ एवढे अवश्य विचारावे. उत्तर समाधानकारक नसल्यास ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशी एक बरणी कमी खपेल, पण शास्त्रावरील विश्वास टिकेल. भिंतीवरचा तक्ता असू द्यावा. मात्र तो वाचण्यापूर्वी खिडकीबाहेर पाहावे.