शब्दविचार : ओढा आणि ओढ

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस ‘स्ट्रीम’ व ‘करंट’ या दोन शब्दांचे अर्थ विचारले असतां दोन्ही वेळां ‘प्रवाह’ हेंच उत्तर मिळतें. उत्तर चूक नव्हे, पण अपुरें आहे. आणि हें अपुरेपण परीक्षेपुरतेंच राहत नाहीं, म्हणून आम्ही आज या जोडीचा विचार करीत आहों.

‘स्ट्रीम’ हा आपल्या ‘स्रवणें’ आणि ‘स्रोत’ या शब्दांचा दूरचा आप्त होय. काठावर उभें राहून ज्याकडे बोट दाखवितां येतें तें वाहतें पाणी म्हणजे ‘स्ट्रीम’. ‘करंट’ हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘धांवणें’ या अर्थाच्या धातूपासून निघाला. तें पाण्याचें नांव नव्हे, पाण्याच्या धांवेचें नांव होय. म्हणूनच समुद्र हा ‘स्ट्रीम’ नव्हे, तरी त्याच्या पोटांत ‘करंट’ असतात. आणि विजेच्या तारेंत पाण्याचा थेंब नसून ‘करंट’ असतो, हें विहिरीवर मोटार बसविणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे.

हा भेद सांगण्यास मराठी दरिद्री नाहीं. वाहतो तो ओढा आणि खेंचते ती ओढ.

पिंपळगांव बसवंतच्या परिसरांत हा भेद प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. कादवा नदीवर पालखेड येथें धरण आहे. त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी निफाड व येवला तालुक्यांकडे जातें. तें आवर्तनानें सुटतें. आवर्तन संपल्यावर कालव्यांत उरलेल्या डबक्यास ओढ नसते. आवर्तन चालू असतां मात्र वरून पाणी संथ दिसतें आणि अंगीं मोठी ओढ बाळगून असतें. ओढा दगडगोट्यांवरून खळखळतो, त्यामुळें त्याची सूचना आधींच कानीं पडते. कालवा मुकाट्यानें वाहतो. आणि जेथें त्यास अस्तर केलेलें असतें तेथें उतरत्या, गुळगुळीत बाजूंवर पाय ठरत नाहीं व हातास आधार मिळत नाहीं.

सुटींत घरीं जमलेल्या मुलांस वडील मंडळींनीं ‘पाणी किती खोल?’ याच्या आधीं ‘ओढ किती?’ हा प्रश्न शिकवावा. काठावरून एक काडी टाकून पाहावी. ती झपाट्यानें पुढें गेली तर तेथूनच परतावें. जागींच राहिली, तरीही जाणत्या माणसावांचून पाण्यांत उतरूं नये. ‘प्रवाह’ हा शब्द निबंधांत शोभतो. काठावर उभ्या असलेल्या मुलास ‘ओढ’ हाच शब्द आठवला पाहिजे.