अनोळखी हातांचा सदरा

इतिहासाच्या तासाला आम्ही कधीकधी मुलांना अंगातील गणवेशाचा सदरा निरखून पाहावयास सांगतो आणि विचारतो, हा कुणी केला? पहिले उत्तर ठरलेले असते : शिंप्याने. मग फळ्यावर यादी वाढू लागते. कापूस पिकविणारा शेतकरी, तो वेचणाऱ्या बाया, जिनिंगमधील हमाल, सूतगिरणीतील कामगार, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा विणकर, रंगारी, गुंड्या करणारा, ट्रकचालक, त्याला डिझेल पुरविणारा. तास संपतो, यादी संपत नाही. यांपैकी एकानेही आमच्या वसतिगृहातील मुलाचे तोंड पाहिलेले नाही. तरी सदरा वेळेवर येतो आणि बहुधा मापाचाही असतो.

या साऱ्यांना हुकूम सोडणारा कुणी सेनापती नाही. ॲडम स्मिथने १७७६ साली मजुराच्या लोकरी कोटाचे उदाहरण घेऊन हेच दाखविले होते. त्याच ग्रंथात टाचण्यांच्या कारखान्याचा हिशेब आहे : दहा माणसे कामाची वाटणी करून दिवसाला ४८,००० टाचण्या करीत, एकट्याने सारे करू म्हटले तर वीस झाल्या तरी पुष्कळ. संपत्ती वाढते ती अशी. आणि या अनोळखी माणसांमधील निरोप्या म्हणजे भाव. कुठे कापूस बुडाला की भाव चढतो. कारण ठाऊक नसतानाही गिरणी कापूस जपून वापरते आणि दूरचा शेतकरी पुढच्या हंगामात पेरा वाढवितो.

बाजाराचे असे गुणगान ऐकले की आपल्या समाजातील जाणत्यांच्या कपाळावर आठी उमटते. ती आम्हांस समजते. परंतु आपली परंपरा बाजाराला परकी नाही. कोलंबिया विद्यापीठातील एम.ए.साठी १९१५ मध्ये बाबासाहेबांनी प्राचीन भारतीय व्यापार हाच विषय निवडला होता. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे २००० आणि १००० कार्षापणे कायमची ठेविली; व्याज दरमहा शेकडा एक आणि शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंची चीवरे व्हावयाची. शकांचा जावई, गावचे विणकर आणि कुठून कुठून येणारे भिक्षू, यांना एकमेकांशी बांधणारी गोष्ट कुळ नव्हती. विश्वास आणि हिशेब होता.

गावगाड्यातही कामाची वाटणी होतीच. पण तेथे कुणी अनोळखी नव्हते आणि कामाला भाव नव्हता. महाराला काम नाकारण्याची सोय नव्हती, मोल ठरविण्याची तर नव्हतीच. जात ही नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये बजावले. वतनाच्या या बेडीविरुद्ध त्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा १९५८ चा.

गिरणीने ही भिंत पाडावयास हवी होती. नफ्यासाठी उभ्या राहिलेल्या मालकाला कुशल हाताची जात पाहण्याचे कारण काय? पण मुंबईच्या गिरण्यांत विणाईच्या, म्हणजे कामगारांच्या भाषेत साचाखात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नसे. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. अधिक मजुरीचे काम एवढ्यासाठी बंद! १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. ज्या बाजारात धोट्यालाही विटाळ होतो, त्याला मुक्त बाजार कसे म्हणावे?

म्हणूनच १९४७ मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या हाती असावेत असे मांडले. उपाशी माणूस सौदा करू शकत नाही, तो फक्त होकार देतो. हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही आमचे मत असे की, गिऱ्हाईक आणि विक्रेता यांनी एकमेकांचे आडनाव न विचारणे ही सोय इतर कुणाहीपेक्षा आपल्याला अधिक मोलाची आहे. आम्ही मुलांना अर्ज लिहावयास शिकविले, स्पर्धा परीक्षेला बसविले. खतावणी लिहावयास मात्र शिकविले नाही. भांडवल कसे उभे करावे हे आम्हांसच ठाऊक नव्हते. हा दोष आमचा.

आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने तालुक्याच्या गावी खानावळ काढली. चव चांगली, भाव रास्त, स्वच्छता वसतिगृहात शिकलेली. गल्ल्यामागे बाबासाहेबांची तसबीर होती. तीन महिन्यांत जेवणाचे डबे निम्म्यावर आले. त्याने तसबीर घरी नेली, पाटीवरचे आडनाव पुसले आणि डबे पुन्हा वाढले. समाजातील काही मंडळी त्याला बोलली. आम्हीही बोलणार होतो. पण त्याच्या खानावळीत काम करणाऱ्या, आपल्याच वस्तीतील चार बायांचे पगार आठवले आणि गप्प राहिलो.

या स्मरणिकेसाठी त्याने पूर्ण पानाच्या जाहिरातीचे पैसे पाठविले आहेत. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे : सर, पान कोरे ठेवले तरी चालेल, नाव मात्र छापू नका.