नळीसाठी पत्रा कापावा का?

टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. बाहेर उष्णता न जाता ३० अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली, तर ती सुमारे ९६ अंशांपर्यंत तापते. इंटरकूलरने त्याच दाबाला ५० अंशांवर आणल्यास घनता सुमारे एकसप्तमांशाने वाढते. लाभ खरा आहे. पण त्याच्या नळ्यांसाठी हौशी मंडळी मोटारीचा पत्राच कापतात, हे मला मान्य नाही. विद्यार्थी मित्रहो, आजच्या बहुतेक मोटारींत हे कवचच सांगाडा असते. टकरीचा धक्का तेच झेलते. एका दिशेने ताणलेल्या रुंद पत्र्यात गोल भोकाच्या कडेलाही प्रतिबल तिप्पट होते, हे किर्श यांनी १८९८ साली गणिताने दाखवले. टोकदार कोपऱ्यात तर त्याहून अधिक! शिवाय आमच्या धरमतरच्या खाडीचा खारा वारा उघड्या कडेपासूनच पत्रा खाऊ लागतो. नळीला वळसा द्यावा. दाब थोडा घटेल, घटू द्या.